ओढ्याकाठचे जाळीवाले आजोबा

मी जर्मनीत गाड्यांचे ब्रेक तपासायची नोकरी करतो आणि रविवारी खेड्यापाड्यांतली फुटबॉलची मैदानं बघत हिंडतो. मला स्वतःला चेंडू धड मारता येत नाही, हे बायको पाहुण्यांना आवर्जून सांगते.

र्युसेल्सहाइमजवळच्या एका गावात मैदानाला लागूनच ओढा होता. गोलमागे सत्तरीचे एक आजोबा लांब दांड्याची जाळी घेऊन बसले होते. चेंडू पाण्यात पडला की ते शांतपणे उठायचे, तो जाळीने काढायचे, स्वेटरला पुसायचे आणि मगच आत फेकायचे.

मोबाइलमधली यादी दाखवत मी ऐटीत म्हणालो, "हे माझं एकेचाळिसावं मैदान!"

"माझं अजून पहिलंच चाललंय," ते म्हणाले. "जरा जाळी धरा, मी पाय मोकळे करून येतो."

ते वळले आणि चेंडू ओढ्यात आला. मी जाळी घातली, तर तो तिच्याखालून निसटून वाहत निघाला. त्यांच्याकडे उरलेला तो एकच चेंडू होता. गावचा संघ एका गोलने मागे, आणि बावीस खेळाडू माझ्याकडे बघत उभे. मी बुटांसकट पाण्यात उतरलो, पाठीवर आपटलो, पण चेंडू सोडला नाही.

गाव हरलंच. आजोबांनी मला हात देऊन वर ओढलं आणि म्हणाले, "आल्झो, तर मग, आता तुम्ही हे मैदान पाहिलंत."