आबांच्या गाडीचे पार्ट आणि आमची कानबाई

त्या रविवारी सकाळी एरंडोल मागे पडलं आणि गाडीचा तापमानाचा काटा तांबड्या रेघेला टेकला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की कानबाई माझ्यावर रुसली. खोटं कशाला बोलू, दुसरा विचार असा आला की रुसायचंच होतं तर घरी रुसायचं, निम्म्या वाटेत कशाला! देवीशी माझं बोलणं असंच असतं. तीस वर्षं मी तिला सांभाळते आहे की ती मला, हे आम्ही दोघींनी कधी ठरवलंच नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते. कानबाई म्हणजे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ. त्याला नथ घालायची, डोळे लावायचे, साडी नेसवून चौरंगावर बसवायचं आणि सोमवारी गात-नाचत नदीवर नेऊन, बुडवून परत घरी आणायचं. आमच्या घराण्याचा नारळ थोरली सून म्हणून सासूबाईंनी माझ्या ओटीत घातला. शाळेतल्या नोकरीसाठी मी शिंदखेड्याजवळचं गाव सोडून जळगावला आले, तेव्हा तोही माझ्याबरोबर आला. दर श्रावणात आम्ही गावी जायचो. अकरा वर्षांपूर्वी धाकट्या जावेने, सुमनने, भरल्या घरात मला विचारलं, "देवी काय एकट्या तुमनीज शे का?" एकट्या माझीच आहे का म्हणे! मी तिरीमिरीत नारळ उचलला, गाडीत बसले आणि पुढच्या वर्षापासून जळगावात वेगळी कानबाई मांडू लागले. भावाभावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. या वर्षी सुमननेच फोन केला. म्हणाली, "बाई, देवी लई या. बठ्ठाजन एकजागे बसूत." देवीला घेऊन या, सगळे एकत्र बसू! दुपारचा नैवेद्य होता. अकरापर्यंत पोचते असं मी सांगितलं होतं. हा धागा आता तुटला तर पुन्हा जोडायला कोणी उरणार नाही, हे मला चांगलं कळत होतं.

आमच्या घरात गाडी मी चालवते. ह्यांना येत नाही. ते शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबतात. गाडी उंच, दणकट, आणि तिचं तीन लाख अठरा हजार किलोमीटर पळून झालेलं. आमचा नेहमीचा मेकॅनिक दोन वर्षं सांगत होता, बाई, वयाप्रमाणे पार्ट बदलायला हवेत; पाण्याचा पंप, पट्टा, पाइप, एकदा सगळं घालून घ्या. मी म्हणायची, चालतेय ना? चालत्या गाडीला खीळ कशाला? देवी आहे ना बसलेली! आणि देवी खरंच बसलेली होती, पुढच्या जाळीवर. दर चैत्रात देवीच्या गडावर गेले की एक लाल चुनडी आणायची आणि गाडीच्या तोंडाला बांधायची. जुनी सोडायची नाही. देवीचं वस्त्र आपल्या हाताने कसं काढायचं?

गाडीतून वाफ निघायला लागली तशी मी ती कडेला घेतली. समोरच एक बंद गॅरेज दिसलं. रविवार असल्याने बंद, पण त्याचे मालक शेळीला पाला टाकायला तेवढ्यातच आले होते. साठीचे, पांढऱ्या मिशांचे. सगळे त्यांना नाना म्हणतात हे नंतर कळलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, तोंडाशी येऊन थांबले आणि हातच जोडले. मग म्हणाले, "अक्का, ह्या चुनड्या तुम्हीज सोडा. मना हात तेलकट शेतस." मी म्हटलं, देवीच्या आहेत त्या. ते हसले. "देवीन्याज शेतस. पन देवी म्हनस का, गाडीनं नाक दाबा म्हनून? हवा कोठून जाई?" मी खाली बसून एकेक गाठ सोडली. नऊ निघाल्या. खालच्या तर धुळीने पुठ्ठ्यासारख्या झाल्या होत्या. शाळेत पोरांना विज्ञान शिकवलं मी बावीस वर्षं! शरमेने मान वर होईना, आणि हे मात्र तोंड फिरवून हसत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर ही हकिगत मी लिहिलीही नसती. नानांनी बॉनेट उघडलं. पाण्याचा पंप गळत होता, पाइपाला चिरा गेल्या होत्या, पट्ट्याचे दोरे निघाले होते. मग त्यांनी जॅक लावला आणि पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी हलवलं. चाकातून टकटक आवाज आला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. चाक जिथे धरून ठेवलेलं असतं तो सांधाच खिळखिळा झाला होता. "हाई चाक धुळ्यालोंग बी पोचतं का नही, सांगता येत नही," एवढंच ते म्हणाले. हायवेला मी ऐंशीने चालले होते. गाडी तापली नसती तर मी थांबले नसते. पुढचा विचार मी केला नाही, अजूनही करत नाही.

पण रविवारी पार्ट कुठून आणायचे? दुकानं बंद. मी सुमनला फोन लावून सांगितलं, गाडी बिघडली, उशीर होईल, तुम्ही नैवेद्य करून घ्या. ती नुसती "बरं" म्हणाली आणि फोन बंद झाला. तिला वाटणार, मोठीचं हे नेहमीचंच, यायचंच नव्हतं. गॅरेजपुढच्या बाजेवर हे कानबाईला मांडीवर घेऊन बसले होते, कारण देवी खाली टेकवायची नसते. मी ती गुंडाळलेल्या लाल फडक्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीच मागितलं नाही. मनात म्हटलं, माझी अक्कल संपली बाई, आता तुझं तू बघ.

नाना आतून एक खोकं घेऊन आले. त्यात पंप, पट्टा, पाइप, सांधे, सगळं कोरं करकरीत, आमच्याच गाडीच्या मापाचं. पारोळ्याकडच्या एका आबांची अगदी अशीच गाडी होती. तिला काहीही झालेलं नव्हतं. पण आबा पार्ट बिघडायची वाट बघत नाहीत. ठरलेले किलोमीटर झाले की आधीच बदलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी यायची होती, हे पार्ट तिचेच. "त्यासले इचारनं पडी," म्हणत नानांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळं ऐकून पलीकडून म्हातारा आवाज आला, "कानबाई जाई ऱ्हायनी आनि इचारतस काय? लावी द्या! मनी गाडी काही पयी जात नही." त्यांची गाडी थांबायला तयार होती; मी आभार मानायच्या आत त्यांनी फोन ठेवूनही दिला.

तीन तास लागले. मी पाने-पक्कड देत होते, नानांच्या घरून चहा आला, आणि ह्यांचे दोन्ही हात देवीत गुंतल्यामुळे तो मला बशीने पाजावा लागला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, अशी सेवा पहिल्यांदाच घडली म्हणून ते फार खुशीत होते. मी मात्र आबांचा विचार करत होते. ज्या पार्टांची मी दोन वर्षं टाळाटाळ केली, तेच कुणी अनोळखी माणसाने वेळेवर आणून ठेवले होते. मी देवीवर हवाला टाकून स्वस्थ बसले, आणि देवीने मला एका काळजी घेणाऱ्या माणसाच्या खोक्यापुढे नेऊन उभं केलं. आपलं काम न करणं आणि देवावर भार टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकायला मला एवढी वाट तुडवावी लागली. आणि त्या माणसाने स्वतःची वस्तू किती पटकन सोडली! मी एक नारळ अकरा वर्षं घट्ट धरून बसले होते.

गावात पोचलो तेव्हा चार वाजले होते. वाटलं, आता सगळे जेवून आडवे झाले असतील. पण दारात रांगोळी तशीच होती, चौरंग रिकामा होता, पोरं भुकेने कुरकुरत होती आणि सुमन उंबऱ्यावर उभी होती. म्हणाली, "देवी नही तर निवद कोनले दावू?" ह्यांचा भाऊ पुढे आला आणि दोघं भाऊ एकमेकांना धरून उभे राहिले. मी ह्यांच्या हातून नारळ घेतला आणि काही ठरवलेलं नसताना सुमनच्या ओटीत घातला. म्हटलं, तू बसव. आणि आता तुझ्याकडेच राहू दे. ती घाबरली, नको नको म्हणाली, मग दोघीही रडलो आणि रडता रडताच देवीला नथ घातली. त्या संध्याकाळी मी इतकी फुगडी घातली की गुडघे दोन दिवस बोलत होते.

सोमवारी नदीवरून आल्यावर निघताना मला नाना आणि आबांना प्रसाद न्यायचा होता. पण कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, भावकीबाहेर द्यायचे नसतात, ही आमच्याकडची कडक रीत. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन ते दळायचे, आणि त्याचे रोट घरच्यांनीच संपवायचे. मी सुमनकडे पाहिलं. आता विचारायचं तर तिलाच. तिने क्षणभर देवीकडे पाहिलं, फडक्यात रोट बांधले आणि माझ्या हातात देत म्हणाली, "बाई, दोन्हीसले सांगा, पुढला साल गहू मोजानी येळले त्यासन्या बी मुठी मोजसूत."