नववी फरशी

आमच्या शिवाजी पेठेत माणूस जोखायच्या रीती ठरलेल्या आहेत. तालमीतला मांडीवरून, फुटबॉलवाला पायावरून आणि जावई जेवणावरून. वत्सलाआक्का मात्र माणूस फरशांत मोजायच्या. "निर्मला दोन फरशी, रशीद चार फरशी," असं त्या इतक्या सहज सांगायच्या की नवख्याला वाटावं, बाई गवंडीकाम करतात. प्रत्यक्षात त्या गाणं शिकवायच्या. मी नऊ फरशी होतो. त्यांची खोली आठ फरशांची होती.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आक्का मूळच्या कोल्हापूरजवळच्या मुरगूडच्या. तरुणपणी मुंबईला गेल्या आणि तीस वर्षं सिनेमाच्या गाण्यांत कोरस गायल्या. नायिका बागेत पळत असताना मागून ज्या पंधरा-वीस बायका "आऽऽ" करतात आणि पडद्यावर कधीच दिसत नाहीत, त्यांतल्या एक आक्का. नव्वद सालाच्या आसपास स्टुडिओत विजेवर चालणारी कळांची पेटी आली. "एक बटान दाबलं की चाळीस बायका आ करत्यात," आक्का सांगायच्या, "आनी वर च्याबी मागत न्हाईत. मग आमास्नी कोन इचारतंय?" त्या कोल्हापूरला परत आल्या, पेठेतल्या भावाच्या घरातली पुढची खोली घेतली आणि दारावर खडूनं लिहिलं, 'येथे कोरस शिकवला जाईल. एकट्याने गाणाऱ्यांनी येऊ नये.'

दुपारी शाळेतली मुलं यायची आणि संध्याकाळी पेठेतली मोठी माणसं. आमची निर्मला, म्हणजे माझी बायको, पहिल्या महिन्यातच दाखल झाली. तिचा आवाज घरात कितीही लांब पोचत असला तरी गाण्यात मुंगीएवढा निघायचा. "तुम्हीही चला, घरी बसून पेपराच्या जाहिराती वाचण्यापेक्षा," म्हणून तिनं मला ओढत नेलं. मी हायस्कुलात कवायतीचा मास्तर. मी मैदानावर "सावधान" म्हटलं की रस्त्यापलीकडच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी ताठ व्हायचं. हे मी अभिमानानं सांगत असे. आक्कांना पण सांगितलं. त्यांना काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

खोलीत एका टोकाला उंच स्टुलावर तांब्याचा तांब्या पालथा घातलेला होता. "ह्यो माइक," आक्का म्हणाल्या. "ज्याचा आवाज बारीक त्यो हेच्याजवळ, ज्याचा दांडगा त्यो लांब. हेच्या अंगावर कुनी जायाचं न्हाय." स्वतः त्या तांब्यामागं पाटावर बसल्या आणि डोळे मिटले.

"म्हन."

मी छाती भरून सा लावला. आक्कांनी डोळे न उघडता हात हलवला. "एक फरशी मागं." मी सरलो. पुन्हा सा. "आनी एक." असं करत करत माझी पाठ चौकटीला लागली.

"आनी एक."

"आक्का, मागं उंबरा आहे."

"मग वलांड की! पाय न्हाईत व्हय तुला?"

अशा रीतीनं मी बाहेरच्या ओट्यावर गेलो आणि तिथंच राहिलो. एक-दोन दिवस नव्हे, बारा वर्षं. आतले पंधरा जण दिव्याच्या उजेडात, छपराखाली, आणि मी उघड्यावर, त्यांच्याबरोबरच गाणारा. पावसात डाव्या हातात छत्री धरून गायचो. समोरून म्हशी घेऊन जाणारा गवळी रोज न चुकता विचारायचा, "मास्तर, घरात घेत न्हाईत व्हय?" एकदा एक परगावचा माणूस थांबला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पावणं, कशापायी आरडतायसा? माफी मागा नि जावा आत." मी त्याला कोरस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तो मान हलवून म्हणाला, "तरीबी माफी मागाच."

आक्कांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं. "ज्याचा आवाज वळखू आला, त्यो चुकला." कुणी जरा लांबलचक तान मारली की त्या गाणं थांबवायच्या. "कोरस म्हंजे पिठलं. त्यातलं मीठ येगळं काढून दाव बगू. न्हाय न्हवं येत? आनी दिसाय लागलं तर सैपाक बिघडला." दमाचंही तसंच. लांब सुरावर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. "शेजाऱ्याचा दम सपला की तू धरायचा, तुजा सपला की त्यानं. गल्लीत एवढं कराय शिकलासा तर भांडनं व्हायची न्हाईत." गल्लीत भांडणं होत राहिली, पण गाण्यात आमचा सूर तुटेनासा झाला.

आक्कांवर माझा जीव होता, हे खरं. पण ओट्यावरून आत यायचं, सगळ्यांच्या रांगेत उभं राहून एकदा तरी गायचं, ही इच्छा मला कातडीच्या आत टोचत होती. मी दर दिवाळीला विचारायचो, "आक्का, औंदा तरी आत घ्या." त्या करंजी पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "ओट्यावर बसून खा."

मग सातव्या वर्षी एक स्पर्धा आली. शेजारच्या जिल्ह्यात समूहगानाची मोठी स्पर्धा होती आणि आक्कांनी आमचं नाव दिलं. मी खुश झालो. रंगमंचाला उंबरा नसतो. गावाकडून आईला पत्र घालून बोलावून घेतलं. पण आम्ही मंचावर गेलो आणि सगळेच्या सगळे खाली बघत उभे राहिलो. मंचावर लाल जाजम होतं. फरशी नव्हती! सात वर्षं फरशीच्या रेघेवर अंगठे टेकवून गाणाऱ्या माणसांना आपण कुठं उभं राहायचं तेच कळेना. शेवटी आमच्या कोपऱ्यावरचे शिंपी रशीदभाई, त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि शिलाईच्या खडूनं जाजमावर खुणा केल्या. पहिली, दुसरी, चौथी. नववी खूण मागच्या पडद्याच्या पलीकडं गेली. रशीदभाई माझ्याकडं न बघता म्हणाले, "मास्तर, मापाला इलाज न्हाई."

मी पडद्यामागं उभा राहून गायलो. जीव तोडून गायलो, पण नऊ फरशांच्या हिशेबानं. आणि गाणं अगदी आक्कांच्या पिठल्यासारखं जमलं. मग निकाल लागला. परीक्षक माइकवर म्हणाले, "कोल्हापूरच्या संघाचा एकजीव आवाज अप्रतिम. मात्र पडद्यामागे ध्वनिमुद्रित साथ वाजवणे नियमात बसत नाही. त्यामुळे गुण कापून दुसरा क्रमांक देत आहोत."

रशीदभाई उठून ओरडले, "टेप न्हाई सायेब! मास्तर हाय आमचा!" लोक हसले. आक्का मात्र जागच्या जागी डोलत होत्या, पहिला नंबर आल्यासारख्या. बाहेर आई भेटली. "येष्टीनं दोन तास आले," ती म्हणाली, "आनी पडदा बघून चालले. लेका, तू हुतास तरी कुठं?"

परतीच्या एसटीत माझा तोल गेला. मी आक्कांना म्हणालो, "उद्यापासून मी येणार नाही. बाकीची पंधरा माणसं आणि मी टेप? माझ्या आईनं काय बघितलं?" निर्मला माझा शर्ट ओढत होती. आक्कांनी खिडकीतून बाहेर बघतच जे सांगितलं ते सात वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

"स्टुडिओत मी अकराव्या फरशीवर हुते. दाराला टेकून. शेतात हाका मारून वाढलेला आवाज माजा. काचंमागनं सायेब वरडायचा, 'निळी साडी, मागं! आनी मागं!' तीस वर्सं, मास्तर. नाव न्हाय, साडीचा रंग. पयल्या साली रोज रडायची. मग एक दिस ताप आला, गेले न्हाय. दुसऱ्या दिवशी त्योच सायेब इचारतोय, 'काल निळी साडी कुठं हुती? गानं पापडागत पातळ लागलं.'" त्या माझ्याकडं वळल्या. "लांबचा मानूस गेला की गानं पातळ हुतं. जवळच्यास्नी ते कळत न्हाय."

"म्हणजे मला आत घेणारच नाही?"

"मला ऐकू येतंय तवर न्हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मी ओट्यावर होतो. गवळ्यानं नेहमीचं विचारलं, मी सा लावला.

आणखी पाच वर्षं गेली. एका संध्याकाळी गल्लीतून मिरवणूक आली, भिंती हादरतील असा बाजा. आम्ही सगळे गायचे थांबलो. आक्कांचा हात मात्र ताल धरून हलतच राहिला, डोळे मिटलेले, चेहरा समाधानी. मिरवणूक गेली तरी हात थांबेना. तेव्हा आम्हाला कळलं की आक्कांना ऐकू येत नाही. किती दिवसांपासून, देव जाणे. एरवी त्या आमची तोंडं बघून शिकवत होत्या आणि चुका बरोबर काढत होत्या. निर्मला घरी येऊन रडली.

पुढं त्या अंथरुणाला खिळल्या. खाट त्याच खोलीत, तांब्याजवळ. त्यांनी खुणेनं गाणं म्हणायला सांगितलं. सगळे आपापल्या फरशीवर, मी ओट्यावर. आक्का कान देऊन बघत होत्या, कपाळाला आठ्या. मग त्यांनी दाराकडं बघून बोट वाकवलं. "मास्तर. एक फरशी म्होरं."

मी उंबरा ओलांडला. "आनी एक." रशीदभाईंच्या पुढं गेलो. "आनी एक." निर्मलाच्या पुढं. बारा वर्षांनी मी पहिल्या फरशीवर उभा होतो, गुडघे खाटेला टेकले होते. मी वाकून त्यांच्या कानाशी गायलो. माझ्या आयुष्यात मी इतका घाबरून कधी गायलो नाही. आक्कांचा चेहरा उजळला.

"आलं ऐकू! मास्तर न्हवं ह्यो?"

"व्हय, आक्का!" मी ओरडलो.

"वळखू आला." त्यांनी दाराकडं हात हलवला. "मग चुकलास की. एक फरशी मागं."

खोलीत हशा पिकला. मी हसत मागं सरलो. "आनी एक," आक्का म्हणाल्या. "आनी एक." रशीदभाई गेले, चौकट आली, उंबरा आला. मी ओट्यावर पोचलो तेव्हाच त्यांचा हात थांबला. आम्ही गायलो. तिथून त्यांना काहीएक ऐकू येणं शक्य नव्हतं. पण त्यांनी डोळे मिटले, ताल धरला आणि म्हणाल्या, "आता जमलं." सलूनमधल्या गिऱ्हाइकांना ताठ करणारा मी, ओट्यावर उभा राहून लहान पोरासारखा रडलो, आणि सूर तेवढा सोडला नाही. माझा दम संपला तिथं आतल्या शेजाऱ्यांनी धरला.

त्याच आठवड्यात आक्का गेल्या.

वर्ग चालू आहे. तांब्यामागच्या पाटावर आता निर्मला बसते, म्हणजे घरात आणि गाण्यात दोन्हीकडं तिचंच राज्य. तिनं एकदा सगळ्यांसमोर मला आत यायला सांगितलं. मी गेलो नाही. म्हशी घेऊन आता गवळ्याचा मुलगा जातो, प्रश्न मात्र बापाचाच विचारतो.

"मास्तर, घरात घेत न्हाईत व्हय?"

"एकदा घेतलं होतं," मी सांगतो. "चुकलो."