लंडनला पोहोचेपर्यंतचा केर

जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत शेजारच्या अक्कांनी तिकीट काढायच्या आधीच मला कामाला लावलं. "भाऊ, मुंबईथीन लंडनले इमानले कितला येळ लागस?"

मी मोबाइलवर बघून सांगितलं. अंतर सव्वासात हजार किलोमीटर, वेळ साधारण दहा तास.

"मधमा कोठे थांबस का?"

"नाही, सरळ लंडन."

"आपली गाडी तं एरंडोलले बी थांबस," असं म्हणून त्यांनी विमानाला नापास केलं.

एरंडोल गेलं तेव्हा त्यांनी पुन्हा तेच विचारलं, पारोळा आलं तेव्हाही. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अक्का, पोहोचेल ना विमान! तुम्हाला घाई कसली?"

"घर झाडनं शे ना, भाऊ."

अक्कांची मुलगी पहाटेच्या विमानाने शिकायला लंडनला निघाली होती. घरचं माणूस मुक्कामी पोहोचेपर्यंत मागे झाडू मारायचा नसतो. त्यामुळे तिच्या केसांचा गुंता, तिने खाल्लेल्या शेंगांची टरफलं, "बठ्ठं तसंच पडेल शे." घरी बसलं की हात झाडूकडे जातो, म्हणून अक्का संध्याकाळपर्यंत धुळ्याला बहिणीकडे निघाल्या होत्या.

धुळ्याच्या अलीकडे फोन वाजला. "पोचनी!" अक्का अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा ओरडल्या.

"चला, सुटलात," मी म्हणालो. "आता घरी जाऊन खुशाल झाडा."

त्या बराच वेळ पदराने मोबाइलची काच पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आते चार दिन बहीणकडेच ऱ्हासू, भाऊ."