बादलीतला मासा

आमच्या कळमनुरीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि माझ्या लेकानं बैठकीत समुद्र मांडून ठेवला. लॉकडाऊनमध्ये घरून काम करत होता, तेव्हाचं हे खूळ. काचेची टाकी, समुद्रातले दगड, जारचं शुद्ध पाणी, त्यात पार्सलनं मागवलेलं खास मीठ, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एकच मासा. पुढं हे गेले. मग लेक परदेशी नोकरीला गेला. घरात राहिलो आम्ही दोघं, मी आणि मासा.

लेक रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. "आई, मासा दाखव." मी मोबाइल टाकीला लावून धरायची. खाल्लं का, सुस्त तर नाही ना, सगळं विचारायचा, पण माशाचं. मला असा राग यायचा! काहून रे बाबा, मी काय हवा खाऊन राहिले का? पण फोन यायचा. मासा होता म्हणूनच यायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या मेल्याला मी जिवापाड जपायची.

आणि टाकीचा सांधा गळायला लागला. लेकानं नांदेडहून मोठी टाकी पाठवली. माणूस आला, टाकी मांडून गेला. पुढचं सगळं माझ्यावर. लेकानं फोनवर बजावलं, जुनं पाणी बादल्यांत काढून ठेव, फेकू नको. निम्मं जुनं, निम्मं नवं असं भरायचं. दगड नळाखाली धरू नको, त्यांच्यावरच्या जंतूंवरच टाकी जगते. मासा वेगळ्या बादलीत ठेव, हवेची नळी सोडून.

दगड मला एकटीला उचलेनात, म्हणून साखऱ्याहून थोरल्या जाऊबाईंना बोलावून घेतलं. आम्ही दोघींनी बादल्या भरल्या, दगड त्यात ठेवले, मासा धरून त्याच्या बादलीत सोडला. म्हणलं, आता जरा चहा टाकते. चहा घेऊन येते तर काय, बादल्यांत नुसते दगड! पाणी जाऊबाईंनी अंगणात जास्वंदीला, कढीपत्त्याला घालून टाकलं होतं. माशाची बादली तेवढी वाचली होती.

"आवो जाऊबाई, हे काय केलं तुमी!"

"काय केलं म्हंजे? मासा धुतल्यालं पानी, झाडाला तरी कामी आलं."

जन्म सगळा विहिरीवरून पाणी वाहण्यात गेला त्यांचा. वापरलेलं पाणी बादलीत नुसतं उभं आहे, हे त्यांना बघवणारच नाही. आमच्याकडं कोणत्याच बाईला बघवत नाही. मीसुद्धा भाज्या धुतलेलं पाणी कधी मोरीत सोडलं नाही.

शिल्लक राहिलेल्या खास मिठात दगड बुडण्यापुरतंच पाणी झालं. जाऊबाई म्हणाल्या, "मीठच पायजे ना? सैपाकघरात पुडा हाय की, टाक त्यातलं." मी कपाळावर हात मारला. त्यांच्या गावची एसटी आली नि त्या गेल्या. त्या खाऱ्या पाण्यानं जास्वंदीची पानं गळली. मासा बादलीतच राहिला.

लेकानं मिठाचं पार्सल मागवलं, ते हिंगोलीत येऊन अडकलं. माझा जीव टांगणीला. लाइट गेली की हवेची नळी बंद, मग मी बादलीपाशी बसून तांब्यानं पाणी वर घ्यायची आणि उंचावरून सोडायची. त्या दिवसांत लेकाचा फोन सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मी तांब्या खालीवर करत राहायची आणि तो फोनवर थांबायचा. थांबला की बोलायचा. तिकडं थंडी किती आहे, वरण कसं पातळ होतं, सोबतचा पोरगा किती घोरतो. एकदा तर म्हणाला, "आई, खाली बसतेस, गुडघा दुखत नाही का?" मला एकदम रडूच आलं. वरून म्हणलं, दुखतोय थोडा, तुला आज बरं सुचलं विचारायचं!

खरं सांगते, पार्सल अजून थोडे दिवस अडकून पडावं असं मला वाटायला लागलं होतं. मासाही जगावा आणि पार्सलही येऊ नये.

पार्सल आलं. मीठ कालवून पाणी दिवसभर फिरत ठेवलं, खारटपणा मोजला. मेडिकलमधून सलाइनची नळी आणली आणि नव्या टाकीतलं पाणी, माशाला सवय व्हावी म्हणून, थेंब थेंब त्याच्या बादलीत सोडलं. मासा सोडला तसा दगडामागं जाऊन दडून बसला. लेक तिकडून नुसता "आई, आई" करत होता. बऱ्याच वेळानं मासा बाहेर आला, चक्कर मारली आणि दाणे खाल्ले. लेक लहानपणीसारखा टाळ्या वाजवून हसला. मीही हसले. लई दिवसांनी आमच्या घरात हसण्याचा आवाज झाला.

त्याच पार्सलमध्ये एक डबी होती. लेक म्हणाला, ती टाकीसमोरच्या भिंतीला चिकटव. कॅमेरा होता. "आता तुला रोज मोबाइल धरून उभं राहायची तकलीफ नाही आई. मला इथूनच दिसतं, केव्हाही."

म्हणलं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भाकरी थापताना मोबाइल परातीशेजारी ठेवून बघितला. शेजारणीला माझ्या मोबाइलवर मिस कॉल द्यायला लावला, वाजत होता चांगला. मीच लावला तर म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे, मासा मस्त आहे, बघितला मी." मोठ्या टाकीत मासा खुशाल फिरत होता. मी माशाशीही बोलणं सोडलं.

मग एका संध्याकाळी डोकंच फिरलं माझं. उठले आणि टाकीला पाठ लावून, तोंड कॅमेऱ्याकडं करून, पदर पसरून उभी राहिले. गुडघा ठणकायला लागला तरी हलले नाही.

फोन वाजला.

"आई, जरा बाजूला हो ना, मासा दिसत नाहीये."

"न्हाई होत," म्हणलं. "आधी तू जेवलास का ते सांग."