ढिली गाठ

शांते, तुला आठवतं? सावली गावच्या स्टँडवर माझी पत्र्याची पेटी तूच चंद्रपूरच्या बसमध्ये चढवली होतीस. ऐंशी सालचा मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम. "माय नाई आली काऊन वं?" तू विचारलंस. "पानं तोडाले गेली," मी म्हटलं. खोटं नव्हतं. एकुलती एक पोर नर्सिंग शिकायला पुण्याला निघाली, तरी मायनं रोजच्यासारखं फडकं उचललं आणि जंगलाची वाट धरली. बस सुटेपर्यंत माझी नजर त्याच वाटेवर होती.

मी पाळण्यात असतानाच बाबा गेले. घरात आम्ही दोघीच, आणि बोलणं कामापुरतं. सकाळी तोडलेली पानं दुपारी ओसरीवर बसून जुळवायची, सत्तर पानांचा पुडा सालीच्या दोरीनं बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, खरेदीच्या जागी, न्यायचा. मी बांधलेला प्रत्येक पुडा माय सोडायची आणि पुन्हा बांधायची. एकदाच म्हणाली, "तुया हातची गाठ ढिली रायते." मी नऊ वर्षांची होते. बोटं सोलून निघेपर्यंत दोरी आवळायचे. एक तरी पुडा तिनं तसाच ठेवावा, एवढंच मागणं होतं माझं. तिनं मारलं असतं तरी चाललं असतं, निदान हात तरी लागला असता.

पुण्यात हॉस्टेल, ड्यूटी, मेसचं जेवण, सगळं अंगवळणी पडलं. वॉर्डात माझ्या बँडेजचं कौतुक व्हायचं. त्या वेळी हटकून माय आठवायची आणि राग यायचा.

सात वर्षांनी आले ती हंगामातच. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "आली का," एवढंच म्हणाली. ओसरीवर तू आणि शेजारच्या बाया पानं जुळवत होतात, तुमच्यात मीही बसले. जीव ओतून एक पुडा बांधला आणि गुपचूप तुमच्या ढिगात सरकवला. माय चाचपून पुडे रचत होती. माझ्या पुड्यावर तिचा हात थांबला.

"हा तुयाच होय," ती म्हणाली.

एवढ्या ढिगातून, न बघता तिनं मला ओळखलं होतं. मला रडू आवरेना. तोवर तिनं गाठ सोडायला घेतली होती.

घरी कधी येतेस, असं तू प्रत्येक पत्रात विचारतेस. काय सांगू? इथे पुण्यात माझी गाठ कुणी सोडत नाही, शांते. कुणी ओळखतही नाही.