दोब्रिना मावशींची खळ

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास आमच्या गावात बातमी पसरली की दोब्रिना मावशी गेल्या. पुरावा भक्कम होता. त्यांच्या फाटकावर कागद लागला होता: वर फोटो, भोवती काळी चौकट, खाली नाव आणि काही ओळी. आमच्याकडे माणूस गेलं की असा कागद फाटकावर लागतो, बसथांब्यावर लागतो, विजेच्या खांबांवर लागतो. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, मग दर वर्षी एक. जिवंतपणी ज्याला कुणी रस्त्यात थांबून 'कसा आहेस' विचारलं नाही, तो मेल्यावर सहा खांबांवरून सगळ्यांकडे बघत राहतो.

बातमी खोटी होती. मावशी त्या वेळी मागच्या अंगणात कोंबड्यांना शिव्या घालत होत्या, आणि वारा जरा शेजारी माझ्या घराच्या बाजूचा असता तर त्या मला ऐकूही आल्या असत्या. बातमी कुणी पसरवली ते मी सांगणार नाही. मी फक्त दोन फोन केले. एक दुकानदारणीला, तिला सांगितलं की तिसऱ्या कुणाला सांगायची गरज उरत नाही. दुसरा मावशींच्या लेकीला, वान्याला, तिकडे प्लॉव्हडिव्ह शहरात. आईची बातमी लेकीला परक्याकडून कळू नये, एवढी माणुसकी माझ्यात आहे. माझा चष्मा तेवढा घरी राहिला होता.

आता मावशींबद्दल. वय एकाहत्तर. तालुक्याच्या गावी पूर्वी डबाबंद भाज्यांचा कारखाना होता, तिथे लाल मिरचीच्या चटणीच्या बरण्यांवर लेबलं चिकटवण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, मावशींचा हात काही थांबला नाही. वाकडं दिसलं की सरळ करायचं. पडदा असो, भिंतीवरचा फोटो असो, की नवरा असो. नवरा दारूमुळे जरा डावीकडे कलून चालायचा. मावशी त्याच्या डाव्या अंगाने चालायच्या आणि दर दहा पावलांनी कोपराने त्याला उभा करायच्या.

कारखान्यातून त्यांनी एक गोष्ट घरी आणली, ती म्हणजे खळ. गव्हाचं पीठ, पाणी, चमचाभर साखर, आणि आणखी एक काहीतरी, जे त्या सांगत नाहीत. या खळीने लावलेल्या कागदावरून माणसाचा चेहरा उन्हापावसाने उडून जातो, कागद उडत नाही. त्यामुळे गावात कुणी गेलं की घरचे छापलेल्या कागदांची चळत मावशींकडे आणून देतात. मावशी बादली आणि कुंचला घेऊन निघतात, सहा खांब, एक थांबा, एक फाटक. मोबदला म्हणून कपभर कॉफी आणि मेलेल्याच्या नावाने वाटतात तो उकडलेला गोड गहू.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग नात शाळेत जाऊ लागली.

नातीचं नाव इस्क्रा, वय सात, पुढचे दोन दात गायब. वान्या मोज्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करते, म्हणून पोर आजीकडे. आमच्या शाळेतल्या तेमेनुगा बाई पहिलीच्या मुलांना रोज एकच गृहपाठ देतात: घरी पंधरा मिनिटं मोठ्याने वाचायचं, काय वाचलं ते वहीत लिहायचं आणि खाली घरच्या मोठ्या माणसाने सही करायची. इस्क्राला अक्षरं येत होती, वाचायचं मात्र नव्हतं. अंकलिपीच्या पुस्तकात एक मुलगा होता, त्याच्याकडे एक सफरचंद होतं. पुढच्या पानावर ते सफरचंद लाल होतं.

"मग पुढे?" इस्क्राने आजीला विचारलं.

मावशींनी पान उलटलं. "पुढे त्याच्याकडे चेंडू आहे."

"सफरचंदाचं काय झालं?"

"खाल्लं असेल."

"मग ते लिहिलं का नाही?" असं म्हणून इस्क्राने पुस्तक मिटलं, ते जानेवारीपर्यंत उघडलं नाही.

जानेवारीत वान्या आली. पोरीची वही पाहिली, बाईंना भेटली, आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बोलली. मी मीठ मागायला गेलो होतो म्हणून कानावर पडलं.

"आई, मार्चमध्ये शाळेत अक्षरांचा सण आहे. सगळी पोरं सगळ्यांसमोर वाचणार. तोपर्यंत ही वाचायला लागली नाही, तर मी हिला माझ्याकडे नेणार. तिथल्या शाळेत दुपारनंतर अभ्यासाला बसवतात."

"आणि रात्री तू पाळीवर. तेव्हा हिच्याजवळ कोण, मोजे?"

"नणंद आहे ना माझी."

त्या संध्याकाळी कोंबड्यांना जरा जास्तच ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून मला म्हणाल्या, "मिंच्या, दोन बशा घासायची सवय लागलीय रे. एकच घासायला हात उठणार नाही माझा."

एरवी मी काहीतरी चावट बोललो असतो. त्या दिवशी नुसतं मीठ परत केलं.

त्याच आठवड्यात यान्को गेला, आमचा जुना पोस्टमन. मावशी बादली घेऊन निघाल्या, आणि घरी पोरीला एकटं कुठे सोडायचं म्हणून तिच्या हातात कुंचला दिला. पहिल्या खांबाशी कागद लावून झाला तरी इस्क्रा हलेना.

"आजी, हा यान्को आजोबा आहे."

"आहे. होता."

"खाली काय लिहिलंय त्याच्याबद्दल?"

आता मावशींच्याही डोक्यात काहीतरी चमकलं असणार. त्या म्हणाल्या, "चष्मा आणला नाही मी. तूच बघ."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

इस्क्राने बोट ठेवलं आणि लावलं एकेक अक्षर. पहिल्या खांबाला वीस मिनिटं लागली. सहाव्या खांबापर्यंत पोरगी यान्कोचा कागद अशी घडाघड म्हणत होती की तिने तो पाठ केला असावा असं मावशींना वाटलं. म्हणून त्यांनी तिला शेजारच्या जुन्या कागदासमोर उभं केलं. तिथे पुन्हा वीस मिनिटं. दोघींची नाकं लाल झाली, पण वाचन सुरू झालं.

त्या वर्षी थंडी कडक पडली, त्यामुळे वाचनसाहित्य भरपूर. शाळेतून आल्यावर इस्क्राचा पहिला प्रश्न, "आज नवीन कुणी?" नसलं तर जुन्यांची उजळणी. गृहपाठाच्या वहीत मावशी खरं तेच लिहायच्या, कारण खोटं लेबल त्यांनी आयुष्यात लावलं नाही. 'सोमवार: पोस्टमन यान्को, चाळीस दिवस. मंगळवार: बेकरीवाली त्सोना, सहा महिने.' तेमेनुगा बाई दर आठवड्याला त्याखाली 'छान' लिहायच्या. त्यांना वाटलं, मुलांसाठी गोष्टींची एखादी नवी माला निघाली असेल. पोस्टमनची चाळीस दिवसांची सफर वगैरे.

घरात मात्र फरक दिसू लागला. एकदा मी जेवायला होतो तेव्हा इस्क्राने पातेल्यात वाकून पाहिलं आणि गंभीर आवाजात म्हणाली, "कळवण्यास अत्यंत दुःख होते की राजम्याचं सूप संपलं आहे." बाकावर बसून खोकणाऱ्या स्ताम्यो आजोबांसमोर ती एकदा बराच वेळ उभी राहिली. मग विचारलं, "आजोबा, तुमचं पूर्ण नाव काय?" आजोबांनी नाव सांगितलं नाही. घरी जाऊन दोन मफलर गुंडाळले, आणि त्या दिवसापासून ते रोज चालायला जातात.

आता तो मंगळवार. आदल्या दिवशी बाईंनी नवा गृहपाठ दिला होता: घरातल्या एका माणसाबद्दल स्वतः पाच वाक्यं लिहा. इस्क्राने लिहिली. माणसाबद्दल लिहायचं म्हणजे वर फोटो हवा, म्हणून अल्बममधून एक काढला, मावशी तिशीतल्या, कारखान्यातल्या उत्तम कामगार, केसांचा भलामोठा फुगा. भोवती काळ्या खडूने चौकट. आणि लिहिलेला कागद वहीत ठेवतात असं तिने कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी शाळेला जाताना बादलीत उरलेल्या खळीत कुंचला बुडवला आणि फाटकावर लावून टाकला. सरळ. आजीच्या हाताखाली शिकलेली पोर ती.

मावशीच गेल्या, तर त्यांचा कागद इतका सरळ लावला कोणी, हा साधा प्रश्न गावात एकालाही पडला नाही.

दुपारी दोनच्या बसने वान्या उतरली. काळा स्कार्फ, सुजलेले डोळे, हातात चार पांढरी फुलं. आमच्याकडे मेलेल्या माणसाला सम संख्येतच फुलं नेतात. मी तिला घ्यायला थांब्यावर गेलो होतो, चेहरा शक्य तितका पाडून. आणि समोरून मावशी आल्या, मागच्या अंगणाच्या वाटेने, हातात बादली. त्सोनाच्या कागदाचं एक टोक सुटलं होतं म्हणे.

मावशींनी स्कार्फ पाहिला, फुलं मोजली. "कोण गेलं गं?"

वान्या थांब्याच्या बाकावर बसलीच. तिने नुसतं माझ्याकडे बोट केलं.

"मिंच्या गेला?" मावशी म्हणाल्या. "चालतोय तर बरा."

पुढची काही मिनिटं मी वगळतो. त्यात माझ्याबद्दलच बोलणं झालं, आणि मावशींनी कोंबड्यांसाठी राखून ठेवलेले काही शब्दही वापरले. मग आम्ही तिघं फाटकापाशी आलो. तोवर शाळा सुटली होती आणि इस्क्रा धावत आली. मागून तेमेनुगा बाई, गृहपाठाची वही रिकामी का म्हणून विचारायला.

"हे कोणी लिहिलं?" वान्याने विचारलं.

"मी."

"वाच."

इस्क्राने अक्षराखाली बोट धरलं. "दुःखद स्मरण. आमची लाडकी आजी दोब्रिना मातेवा. ती चीज घालून बनित्सा भाजते आणि कडेचा कुरकुरीत तुकडा मला देते. ती कोंबड्यांना शिव्या देते, मला देत नाही. ती घोरते, म्हणून मला भीती वाटत नाही. तिला चष्मा सापडत नाही, म्हणून मी वाचते. ती माझी आहे."

बाईंनी मोजलं. "पाच वाक्यं बरोबर आहेत. 'दुःखद स्मरण' गृहपाठात नव्हतं."

वान्याने पोरीला शेजारच्या खांबाशी नेलं. इस्क्राने वाचलं. त्याच्या पुढच्या खांबाशी नेलं. तेही वाचलं, वर 'या आजीला सहा महिने होऊन गेले, कागद बदलायला हवा' असंही सांगितलं. परत आल्यावर वान्याने स्कार्फ सोडून खिशात कोंबला.

"आई, माझ्या पोरीला तू मेलेल्या माणसांवरून वाचायला शिकवलंस?"

"त्या पुस्तकातल्या पोराला हिने कधी पाहिलंय का? यान्कोने हिला सायकलवर बसवलं होतं."

वान्याने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सणाला वाचेल ती. फक्त काय वाचायचं ते मी ठरवीन."

"ठीक आहे," वान्या म्हणाली. "राहू दे तिला इथेच. पण तो कागद आत्ताच्या आत्ता काढ. अख्खं गाव बघतंय."

मी मदत म्हणून एका टोकाला नख लावून पाहिलं. नख तुटलं.

मावशींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, फाटकाच्या अगदी जवळ जाऊन कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि बादली उचलली.

"राहू दे लावलेला. चांगलं लिहिलंय पोरीने. तुम्ही लावाल तेव्हा मला कुठे वाचता येणार आहे?"