प्रभूची मूठ

रूथमावशीचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी तिच्यामुळे झालो.

आज समोरच्या खिडकीत शेजारीण परातीत पीठ घेत होती. जास्त झालं म्हणून तिनं एक मूठ परत डब्यात टाकली आणि मला मावशी आठवली. भाकरी थापण्याआधी ती रोज मूठभर पीठ चर्चसाठी वेगळं काढायची.

“आपल्यालाच पुरत नाही गं!” मी कुरकुरायचो.

“प्रभूची मूठ काढल्याबिगर आपली भाकर पुरी होत नसती, खादाडा!”

इथं शहरात सगळे विचारतात, तू कुठला, कुणाचा? उत्तरं देता देता माझे तुकडे होतात. मावशीच्या चुलीपाशी मात्र मी अख्खा होतो, प्रभूच्या घरचा. तसं पुन्हा कधी वाटेल?

संध्याकाळी मी मावशीला पत्र टाकलं:

“प्रिय मावशी, आज खोलीवर भाकरी केली. आधी प्रभूची मूठ काढली. भाकरी वाकडी झाली, पण खूप दिवसांनी पोटभर जेवलो. इथल्या चर्चमध्ये मी अजून गेलेलो नाही, आणि तिथं पीठ कुणी आणत नसेल. तरी रविवारी ती मूठ पुडीत बांधून नेणार आहे. कुणाचा म्हणून विचारलं, तर पुडी पुढे करीन.”